खुर्चीवरचे बापूराव

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. खिळ्याला टांगलेला असलो, तरी माझा जीव कधी थाऱ्यावर नसतो. दारात कुणी आलं की काळजात धस्स होतं. काळीज कुठलं म्हणा, सागवानी फळी मी!

चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, जटपुरा गेटजवळ एक फार जुनं सलून होतं. तिथे जात न विचारता केस कापत. श्रीहरी पेंटरने तिथेच बसून मला रंगवलं. आरसा, वस्तरे आणि मोठ्या खुर्चीवर बापूराव. बापूराव मोहर्लीचे, बौद्ध घरातले. गावचा न्हावी त्यांच्या डोक्याला हात लावत नसे, म्हणून ते एसटीने इतक्या लांब येत.

त्याच सलूनात शिकलेल्या पत्रूने चौऱ्याऐंशी साली मोहर्लीत दुकान थाटलं आणि मला तिथून मागून आणून मिरवत भिंतीवर लावलं. आधी माझं भारी कौतुक झालं. मग कुणीतरी बापूरावांना ओळखलं.

"त्याले खुर्चीवरून काढ, नाई तं यंदा तुले धान नाई," गिऱ्हाइकं म्हणू लागली. गावात न्हाव्याला वर्षाच्या कामाचं धान सुगीला मिळतं. पत्रूच्या घरी खाणारी तोंडं बरीच. त्याने मुकाट श्रीहरीला बोलावणं धाडलं. मला असा संताप आला! पण भिंतीवरचं चित्र करणार काय?

श्रीहरीने रंगाचा डबा उघडला. ब्रश बापूरावांच्या चेहऱ्यापाशी आला, तोच खुद्द बापूराव दारात उभे. एसटीला वेळ होता, म्हणून उन्हातून आडोशाला आले होते. पत्रूने त्यांना कधी आत बोलावलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि हसले.

"पत्रू, चित्रात मी तुह्या दुकानात बसून आहो. अन् कटिंगले मले आजबी चांद्याले जा लागते. काऊन रे?"

पत्रूने टॉवेलने खरी खुर्ची झटकली.

"बसा भाऊ," तो म्हणाला. "इथीच बसा."

बाहेर एसटी आली आणि गेली. बापूराव उठले नाहीत. श्रीहरीने डब्याचं झाकण लावलं.

त्या सुगीला पत्रूकडे धान कमीच आलं. मीराबाई, त्याची बायको, माझ्याकडे बघून पुष्कळ पुटपुटली. पण तिनेही मला खाली उतरवलं नाही.

मित्रांनो, माझा रंग आता उडत चालला आहे. मला ओलं फडकं लावू नका, उन्हात ठेवू नका. आणि नवा रंग द्यायची वेळ आलीच, तर आरसा रंगवायचा राहिला तरी चालेल, बापूरावांना मात्र खुर्चीवरून उठवू नका.