हाताची घडी

अड्याळच्या बाजारामागे ग्रामपंचायतीची एक खोली होती. आधी तिच्यात रेशनची पोती असायची, आता चौदा मुकी-बहिरी पोरं बसायची. उंदीर मात्र तेच होते. या खोलीला शाळा म्हणायचं धाडस पहिल्यांदा शकुनबाईंनी केलं, आणि सहा-सात वर्षांत गावाच्या तोंडीही ते नाव बसलं.

शकुनबाई सातवी शिकलेल्या. मुक्या पोरांना शिकवायचं कुठं शिकलात असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "घरीच." ते खरंही होतं. त्यांचा थोरला भाऊ डोमा जन्मापासून बहिरा. त्याच्यासाठी सगळं घर हातानं बोलायचं. रोवण्याच्या दिवसांत भाताच्या बांधीच्या पार पलीकडे, धुऱ्याच्या बांधावर उभ्या माणसाला गळा ताणून सांगण्यापेक्षा हातानं सांगणं सोपं, म्हणून शेतातल्या बायकांनीही त्यात आपापली भर घातली. चिमटीनं रोपं रोवल्यासारखं केलं की शेत. मनगटावर दोनदा टिचकी मारली की बाजार. डोमा ऐन तिशीत गेला, पण त्याची बोली शकुनबाईंच्या हातात राहिली.

तीच त्यांनी या पोरांना दिली. मग पोरांनी ती कुठल्या कुठं नेली. प्रत्येकाला हाताचं नाव पडलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव परसरामभाऊ म्हणजे मिशीला पीळ. पार्वता म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, कारण तिच्या गालाला खळी पडायची. ही पार्वता दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा कुणी जवळ गेलं की चावायची. आता आठ वर्षांची झाली होती आणि तिच्याइतकी बडबडी पोरगी वर्गात दुसरी नव्हती. शेळी व्याली, आजोबा पडले, आईनं भाजी करपवली, सगळं सकाळी दारातच सांगून व्हायचं. शकुनबाईंना अजून चप्पल काढायलाही फुरसत मिळायची नाही.

एक्क्याऐंशी साल उजाडलं. साऱ्या जगानं ते अपंगांचं वर्ष ठरवलं होतं. वर्षच आपलं म्हटल्यावर कागद येणारच. परसरामभाऊ भला माणूस, पण सरकारी शिक्का दिसला की त्यांच्यानं बसून वाचवत नसे. त्यांनी उभं राहूनच परिपत्रक वाचलं.

"बाई, नवीन धोरण आलं. ट्रेनिंग नसन तं शाळेची मान्यता जाते. मॅट्रिकची अट आहे, पण जुन्या शिक्षकांले यंदा सूट देली. फक्त यंदा."

"नाई गेली तं?"

"मंग पोरं घरी, जी. काय करन मी?"

घरी म्हणजे काय, ते शकुनबाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी म्हणजे शेळ्यांमागं जाणं, आणि पाहुणे आले की परसदारी बसणं. त्यांनी ट्रंक भरली आणि तीन महिन्यांसाठी नागपूर गाठलं.

प्रशिक्षणाला पुण्याहून आलेल्या मंगलाबाई होत्या. मोठ्या जीव लावणाऱ्या बाई. सातवी शिकलेली म्हणून त्यांनी शकुनबाईंना कधी खाली पाहायला लावलं नाही. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'प' म्हटलं की पट्टी हलते, मुलाचा हात आपल्या गळ्याशी धरला की त्याला आवाजाची थरथर कळते, हे सगळं शकुनबाई डोळे मोठे करून शिकल्या. आपल्याला हे आधी कुणी का सांगितलं नाही, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला. डोमाचा हात असा आपल्या गळ्याशी धरायला हवा होता, हेही मनात येऊन गेलं.

मग एका दुपारी हातांचा विषय निघाला.

"हात बंद करायचे," मंगलाबाई म्हणाल्या. "हात चालू राहिले की जीभ आळशी होते. नव्या धोरणात तसं स्पष्टच लिहिलंय. मुलांना हाताची घडी घालून बसवा. कठोर वाटेल, पण त्याशिवाय मूल तोंड उघडत नाही."

"अन् तवरी लेकरानं सांगाचं कसं जी, त्याले काय होऊन राहिलं ते?"

मंगलाबाईंनी खडू उचलला. "थोडे दिवस कळ काढावी लागते, शकुनबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फळ्यावर पुढचा मुद्दा लिहायला घेतला. शकुनबाईंनी तो वहीत उतरवून घेतला.

प्रमाणपत्र घेऊन त्या परत आल्या तेव्हा पोरांनी त्यांना गराडा घातला. चौदा जणांचे अठ्ठावीस हात एकदम बोलत होते. नागपूर केवढं आहे, तिथं काय खाल्लं, आमची आठवण आली का. पार्वता तर त्यांचा पदर ओढून ओढून सांगत होती की तिचा पुढचा दात पडला. शकुनबाईंना भरून आलं. आणि त्याच वेळी परसरामभाऊ दारातून म्हणाले, "साहेब पंधरा दिवसांत तपासणीले येऊन राहिले, बाई. तयारी करा."

आता पोरांना सांगायचं कसं, की हातानं बोलू नका? तोंडानं सांगितलं तर कुणाला ऐकू येणार? ते शेवटी हातानंच सांगावं लागलं. हाताची घडी घाला, असं त्यांनी आधी सांगून पाहिलं. पोरांना तो खेळ वाटला. घडी घालायची, सोडायची, हसायची. चार दिवस गेले तरी घडी दोन मिनिटांवर टिकेना. मग शकुनबाईंचा धीर सुटला आणि त्यांनी ती चूक केली. फळ्यासमोर उभं राहून त्यांनी हातांनी सांगितलं: जीपमधून साहेब येणार. त्याला हात हललेले दिसले, की या दाराला कुलूप. शाळा संपली. त्यांनी हवेत किल्ली फिरवून दाखवली.

वर्गात एकही हात हलला नाही. इतक्या चटकन कुठलाच धडा या पोरांना कधी कळला नव्हता. तपासणीपुरतंच आहे, नंतर समजावून सांगू, असं शकुनबाईंनी स्वतःला बजावलं.

साहेब आले. पोरं रांगेत हाताची घडी घालून बसली होती. पार्वता कागदाच्या पट्टीसमोर उभी राहिली आणि "पापा" म्हणाली. पट्टी हलली. साहेब खूष झाले. शेरेपुस्तकात त्यांनी लिहिलं, 'मुले शांत व शिस्तप्रिय आहेत.' मान्यता एका वर्षासाठी मिळाली. पुढची तपासणी वर्षभरात कधीही, न कळवता होईल, असं जाताना सांगून गेले. परसरामभाऊंनी पेढे वाटले. शकुनबाईंनीही एक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तर चौदाही पोरं घडी घालून बसलेली. त्यांनी हसून हातानं विचारलं, काय खाल्लं सकाळी? कुणी उत्तर दिलं नाही. दारात सांगायला आता पार्वता येत नव्हती. मधल्या सुट्टीत खोलीमागच्या बोरीखाली पोरांची हातवाऱ्यांची जत्रा भरायची, पण शकुनबाईंची सावली पडली की सगळे हात जागच्या जागी मिटायचे. ज्या बाईंनी पोरांना बोली दिली, त्यांच्याच समोर पोरं मुकी झाली. 'पापा' मात्र आता अकरा जणांना म्हणता येत होतं.

महिनाभरानं पार्वताची आई चंद्रभागाबाई शाळेत आली. चिडलेली नव्हती, तेच वाईट होतं.

"मास्तरीणबाई, पोरगी घरीबी हात बांधून बसते जी. पयले पोट दुखलं तं पोटावर हात ठेवे, इथं दुखते म्हणून दाखवे. आता तीन दिवस तापानं फणफणली, पण काय होते ते सांगतलंच नाई. कान फुटला होता तिचा. उशी भिजली तवा समजलं मले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी चांगलंच शिकवलं असन. मी अडाणी. पण मले आपली पयलेवाली पोरगी पायजे होती."

"मी पाहतो," एवढंच शकुनबाई म्हणाल्या.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी पार्वताला थांबवलं. कानात कापसाचा बोळा घातलेली पोरगी समोर बसली. शकुनबाई जमिनीवर तिच्यापुढं बसल्या. गालावर बोट टेकवून त्यांनी तिला हाक मारली. मग हळूहळू, डोमाशी बोलायच्या तसं, हातांनी विचारलं: फार दुखलं का? मला का नाही सांगितलंस? माझ्याशी बोल. मी रागावणार नाही.

साहेब येणार नाही, असंही त्यांना सांगायचं होतं. पण ते खरं नव्हतं. साहेब उद्याही येऊ शकत होता, आणि हात दिसले तर कुलूप लागणारच होतं. खोटं सांगण्यासाठी त्यांनी हात उचलला, तो तसाच अर्ध्यावर राहिला.

पार्वतानं तो अर्ध्यावर राहिलेला हात पाहिला. मग तिनं घाबरून दाराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. जीप नव्हती. ती पुढं सरकली, शकुनबाईंचे दोन्ही हात तिनं आपल्या इवल्याशा हातांनी धरले, एकावर एक आणून त्यांची नीट घडी घातली, आणि ती सुटू नये म्हणून वरून दाबून धरली. शाळा वाचली होती. बाईंकडं पाहून ती जराशी हसली, आणि आपल्या जागेवर जाऊन घडी घालून बसली.