भुंकण्याचा डाव

आमच्या लेकीला बास्केटबॉल जमत नाही, हे तिच्या सरांनी आम्हाला साखर पेरून सांगितलं होतं. "बारा वर्षांखालच्या मुलींत सगळ्यांनाच संधी द्यायची असते हो, पण..." त्या 'पण'पायी ती वर्षभर बाकावर बसली.

मग आमच्या ह्यांचं डोकं चाललं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. जगात प्रत्येक गोष्टीला एक बटण असतं, असा ह्यांचा समज. ह्यांनी सरांना डाव सुचवला. रेषेबाहेरून चेंडू आत टाकायची वेळ आली, की लेकीने कोपऱ्यात रांगत भुंकायचं. समोरच्या मुली बघत राहतील, तेवढ्यात आपली कॅप्टन बास्केट करेल.

"नियमात बसतं का हे?" सरांनी विचारलं.

"भुंकू नये असं कुठे लिहिलंय?"

घरी मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. पोटच्या पोरीला कुत्रं करताय, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! हे एवढंच म्हणाले, "निदान खेळायला तरी उतरेल."

पहिल्याच सामन्यात डाव लागू पडला. पंचांनी हसू दाबत गुण दिले. समोरची एक चिमुरडी आपली जागा सोडून लेकीजवळ वाकली होती, "काय झालं गं तुला?" म्हणून विचारत. बास्केट झाल्यावर तिच्या बाई तिलाच ओरडल्या आणि ती हमसून हमसून रडली. आमच्या बाजूला हशा पिकला. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

लेक मात्र रोज जिन्याखाली, भिंतीवर खडूने चौकोन काढून त्यात चेंडू मारायला लागली. खालच्या काकू वैतागल्या. मी म्हटलं, "कशाला जीव काढतेस? तुझं काम ठरलेलं आहे."

अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा सरांनी तिला उतरवलं. पण आमच्या डावाचा एव्हाना बोभाटा झाला होता. समोरच्या सरांनी मुलींना बजावलं होतं, "तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही." खरंच कोणी बघेना. लेक बास्केटखाली एकटी, मोकळी उभी. तिने हात वर केला.

"माझ्याकडे! माझ्याकडे दे!"

तिने पहिल्यांदाच चेंडू मागितला होता. कॅप्टन चेंडू घेऊन तिच्याकडे वळलीसुद्धा.

"अगं, भुंक ना! भुंक!"

हे माझ्या शेजारी गप्प बसले होते. ओरडले ती मी.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात खाली आला. ती गुडघ्यांवर बसली आणि भुंकली. कॅप्टनने गडबडून चेंडू भलतीकडेच टाकला, तो समोरच्या मुलींनी पकडला आणि शिट्टी झाली.

बाहेर नळाखाली तिचे धुळीने माखलेले तळवे धुताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मान वर केली.

"आई, मी हळू भुंकले का गं?"