एकच काळी खिडकी

एका शिक्षकाने आठवडाभर घातलेला शिंप्याचा चष्मा.

कड उचकटलेली चिकटपट्टी.

चार वर्षं भरलेले डबे.

‘जावा होम सापडत नाही.’ ही ओळ, सकाळपासून अकरा वेळा.

हे सगळं आता एका टेबलापाशी आणून बसवू. टेबल चष्म्याच्या काचा घासणाऱ्या घरगुती कारखान्यातलं, आणि त्याच्यापुढे घरची धाकटी सून. दुकानांनी ऑर्डरी चिठ्ठ्यांवर न पाठवता एका वेबपानावर भराव्यात आणि ते पान इथल्याच कॉम्प्युटरवरून चालावं, म्हणून ती वेब सर्व्हर बसवत होती. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं: तीनला बाहेरच्या कंपनीचा माणूस येतोय. तो यायच्या आत जमलं तर हे काम तुझं. नाही तर हे काम त्या कंपनीला देऊन मी सही करून मोकळा होतो. मग धाकटी पुन्हा मागच्या खोलीत, काचांचे डबे भरायला.

“काय म्हणतोय?” थोरल्या जावेने काउंटरवरून विचारलं.

“जावा सापडत नाही म्हणतोय, ताई.”

“दोघी ढळढळीत समोर बसलोय की! डोळे तपासून घे म्हणावं.”

धाकटीला हसायला सवड नव्हती. सर्व्हरला जावा नावाचा प्रोग्रॅम लागतो, आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये राहतो हे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवावं लागतं. तिने लिहिलं होतं. पुसून पुन्हा लिहिलं होतं. सेटिंगमध्ये पत्ता नीट दिसायचा. आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत विचारावं तर ठणठणगोपाळ.

तीन वाजून गेले. सासरे दारात डोकावले. “अजून आला नाही तो. झालं का गं?”

“होतंय, बाबा.”

ते गेल्यावर धाकटीने मान वळवली. “ताई, ही खिडकी कधी उघडलीत?”

“ती? मागे वीज गेली होती ना, तेव्हा. झाले की सतरा दिवस.”

धाकटीने कपाळाला हात लावला. उघडताना जी सेटिंग असते, तीच धरून खिडकी बसते. मागाहून काय बदललं ते तिच्या गावीही नसतं. नवी खिडकी उघडायला हवी होती, आणि तिथेच तर घोडं अडलं. स्क्रीनखाली थोरलीच्या अक्षरातला कागद, कड उचकटलेल्या चिकटपट्टीने लावलेला: ‘एकच काळी खिडकी. बंद करू नये. दुसरी उघडू नये.’ काचांची लेबलं त्याच खिडकीतून छापत. एकदा दोन उघड्या राहिल्या, लेबलांची अदलाबदल झाली आणि शिक्षक आठवडाभर शिंप्याच्या चष्म्यातून वह्या तपासत बसले. तेव्हापासून दुसरी खिडकी या घरात कुणाच्या मनातही येत नसे.

“दुसरी उघडावी लागेल, ताई.”

“कागद वाचलास?”

“पाठ आहे.”

“आणि माझी लेबलं?”

“तुम्ही हो म्हणेपर्यंत एकही सोडत नाही. शपथ.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं, मग उठली. “मी पाणी पिऊन येते. मला तीन पेले लागतात. आणि मी काही बघितलेलं नाही.”

नवी खिडकी. पत्ता? आहे. चालू हो बाई एकदाची. ओळींमागून ओळी धावल्या आणि थांबल्या. ‘सर्व्हर सुरू झाला.’

साडेतीनला सासऱ्यांनी स्वतःच्या फोनवरून एक ऑर्डर भरून पाहिली. ती टेबलावरच्या स्क्रीनवर उमटली. त्यांनी आणखी एक भरली. तीही उमटली.

“उद्या बंद पडलं तर?”

“मी आहे ना.”

“आणि डबे कोण भरणार?”

“तो कंपनीचा माणूस येतोच आहे की,” थोरली म्हणाली. तिच्या हातात तिसरा पेला होता.

‘तीनला नको, चारला या,’ असा फोन थोरलीने त्या माणसाला सकाळी दहालाच केला होता.