सहरच्या जागी उभी असलेली बाई

दिवे लावून होईपर्यंत सहर मुकादमच्या जागी दुसरीच एक बाई उभी असायची.

सिनेमाच्या कामात तो रिवाजच आहे. कुठला दिवा किती उंचीवर, नाकाची सावली गालावर कुठवर, भिंगापासून चेहरा किती अंतरावर, हे ठरायला वेळ लागतो आणि तोवर त्या जागी कुणीतरी उभं राहावं लागतं. त्या माणसाला स्टँड-इन म्हणतात. इथे तर त्याची गरज जास्तच होती, कारण या सिनेमाची नटी आणि दिग्दर्शिका एकच. सहर स्वतः चौकटीत जाऊन उभी राहिली, तर चौकट बघणार कोण? म्हणून रियाधमध्ये तिच्या उंचीची, तिच्यासारख्याच गव्हाळ रंगाची बाई शोधली गेली. सुहासिनी खेडेकर. मूळ चिपळूणची, इथल्या एका खासगी रुग्णालयात नर्स. साठलेली रजा काढून, हौस म्हणून आली होती. पहिल्या दिवशी तिनं "मॅडम" म्हटलं, तेव्हा सहर म्हणाली, "मॅडम नको. आमच्यात आपा म्हणतात."

"आमच्या शेजारीही आपाच म्हणायचे," सुहासिनी म्हणाली, आणि तिथपासून त्या दोघी मराठीत बोलू लागल्या. सहरची मराठी आईच्या स्वयंपाकघरातली होती. मासे, भांडणं, आजारपण यांच्यासाठी भरपूर शब्द आणि बाकी सगळ्यासाठी इंग्रजी.

सहर ब्लॅकबर्नची. वडील दापोलीकडून तिथल्या कापडगिरणीत गेले आणि ती तिथेच जन्मली. शाळेच्या नाटकात कुणीतरी तिला पाहिलं, आणि पंचविशीच्या आत ती टीव्हीवरच्या एका मालिकेत डॉक्टर झाली. ती मालिका इतकी वर्षं चालली, की लोक तिला दुकानात थांबवून रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारायचे. तीही गंभीर चेहऱ्यानं "तुमच्या डॉक्टरला विचारा" म्हणायची. मग लेखकांनी त्या डॉक्टरला एका अपघातात मारून टाकलं. ती बातमी सहरला एजंटनं फोनवर दिली. त्यानंतर आल्या आया: पोलिसाच्या दारात रडणारी आई, न्यायालयाच्या पायरीवर रडणारी आई. दिग्दर्शक सांगतील त्या डोळ्यातून पाणी काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पन्नाशी जवळ आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्याला आता कुणी मुख्य भूमिका देणार नाही. तेव्हा तिनं ती स्वतःच लिहिली. तिची फुफी, म्हणजे आत्या, शरफुन्निसा हयातभर रियाधच्या एका रुग्णालयात नर्स होती आणि बत्हा या तिथल्या जुन्या वस्तीतल्या एका खोलीत एकटी राहायची. सिनेमा तिच्यावर होता. फुफीची भूमिका सहर करणार होती. तेवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

बत्ह्यात एका मनी एक्स्चेंजच्या वरचा जुना फ्लॅट त्यांनी भाड्यानं घेतला होता. रविवारी तो मालकाला परत करायचा होता. गुरुवारी सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग घेतला. नर्सला वॉर्डची इन्चार्ज केलं आहे. ती घरी येते, शेगडी पेटवते, आणि ही बातमी सांगायला घरात कुणी नाही. बस, एवढंच. सहरनं तो पुन्हा पुन्हा केला. प्रत्येक वेळी काहीतरी अडत होतं. काय अडतंय ते तिला कळेना.

शुक्रवारी सुट्टी. ओलायातल्या उंच इमारतीत तिला राहायला दिलेल्या फ्लॅटवर कॅमेरामन नीलेश आदल्या दिवशीचं चित्रण घेऊन आला. दोघं पडद्यासमोर बसले. सहरच्या टेकच्या आधी अचानक सुहासिनी दिसली, ओट्यापाशी, अर्धवट लागलेल्या उजेडात.

"हे चुकून आलं मॅडम," नीलेश म्हणाला. "फोकसची टेस्ट आहे. पुढे ढकलतो."

"थांब. राहू दे."

सुहासिनीला कुणी काही करायला सांगितलेलं नव्हतं. तिच्या हातात फोन होता. तिनं तो पाहिला, खाली ठेवला. शेगडीजवळचा लायटर सरळच होता, तरी सरळ केला. मग कुणाला तरी काही सांगायचं असावं तसे तिचे ओठ उघडले, आणि मिटले. तेवढ्यात पडद्याबाहेरून कुणीतरी ओरडलं, "दीदी, थोडा लेफ्ट!" आणि ती निमूट डावीकडे सरकली.

सहरनं ते परत लावायला सांगितलं. नंतर स्वतःचे टेक पाहिले. काय अडत होतं ते आता शाळकरी पोरालाही दिसलं असतं. गरम तापमापी पाण्याच्या एका थेंबात बुडवली, की ती थेंबाचं तापमान सांगत नाही, स्वतःचंच सांगते. पडद्यावर फुफी नव्हतीच. एक नटी तिथे उभी राहून, दुःख किती आहे ते दाखवत होती.

"नीलेश, खरं सांग. चुकून आलं?"

नीलेशनं दाढी खाजवली. "मॅडम, मी डोंबिवलीचा माणूस. आम्ही चुकून काही करत नाही."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"शंका पहिल्या दिवसापासून. खात्री काल झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी बोलू? नटीची तक्रार दिग्दर्शकाकडे करायची असते. आता दिग्दर्शकच नटी, म्हटल्यावर मी ती फाइल मध्ये सरकवली आणि गप्प बसलो."

सहर हसली, पण हसू फार टिकलं नाही. नीलेश गेल्यावर ती काचेशी उभी राहिली. खाली रुंद रस्त्यावरून गाड्या जात होत्या, चालणारं माणूस एकही नव्हतं. या शहरात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. ब्लॅकबर्नलाही आता भावाखेरीज कुणी उरलं नव्हतं, आणि तोही मालिकेतल्या डॉक्टरलाच जास्त ओळखायचा. तिनं स्वतःला विचारलं, ही नटी दुसरी कुणी असती तर तू काय केलं असतंस? उत्तर लगेच आलं. काढून टाकलं असतं, आणि भूमिका त्या दुसऱ्या बाईला दिली असती. दिग्दर्शक म्हणून ते योग्य होतं. नटी म्हणून त्यानंतर काहीच नव्हतं. पुन्हा पोलिसाच्या दारातली आई, तीही कुणी बोलावलं तर. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं सुहासिनीला फोन करून बत्ह्याच्या फ्लॅटवर बोलावलं.

सुहासिनी डबा घेऊनच आली. भाकरी आणि सुकट. "म्हटलं, तुम्ही हॉटेलचं खाऊन कंटाळला असाल." सहरनं आधी लॅपटॉप उघडला. हात पुसत पुसत सुहासिनीनं ते चित्रण शेवटपर्यंत पाहिलं.

"सुहासिनीबाय, ही भूमिका तू कर," सहर म्हणाली. "मी बाजूला होते. सगळं परत घेऊ."

"आधी हे पुसून टाका."

"काय?"

"हे पुसा, आपा. आत्ता. माझ्यासमोर."

सहरला वाटलं, बाई लाजते आहे. "अगो, पण किती खरं आलंय बघ तरी. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला एकदाही..."

"खरं आलंय तेच तर नकोय." सुहासिनीनं लॅपटॉपचं झाकण स्वतःच मिटलं. "काल ईशाचा निकाल होता. माझी मुलगी, पुण्याला असते. म्हणाली होती, लागला की पहिला फोन तुला. मला इथे उभं केलंत तेव्हा निकाल लागून गेला होता, मी नेटवर पाहिलं होतं. पास झाली. म्हणजे आधी मैत्रिणींना सांगत बसली असणार. त्यात तिचं काय चुकलं? पोरंच ती. पण मी कशी वाट बघत होते, ते तिला दिसायला नको. तिला तर मुळीच नको."

खालून बसवाल्याचं ओरडणं ऐकू येत होतं.

"घरी व्हिडिओ कॉल करताना मी काय करते, सांगू?" सुहासिनी म्हणाली. "आधी लिपस्टिक. मग खुर्ची दुसऱ्या भिंतीला लावायची, कारण या भिंतीला पोपडे आहेत. बाजूला प्लास्टिकचं झाड, ते माझ्या मल्याळी रूममेटचं. मग आवाज एक पट्टी वर घ्यायचा. 'आज ना आम्ही बिर्याणी केली!' बिर्याणी कसली, दूध-पाव. ईशा चौथीत होती तेव्हापासून हेच. आता इंजिनिअर झाली. आई तिकडे मजेत आहे, हे धरून ती बिनघोर शिकली. आणि आता तुम्ही एवढ्या मोठ्या पडद्यावर दाखवणार, की बघ, कॉल संपला की तुझी आई अशी असते."

सहरनं नीलेशला बोलावून घेतलं.

"मॅडम, अख्ख्या सिनेमातला सगळ्यात चांगला शॉट आहे तो," नीलेश म्हणाला. "एकदा विचार करा."

"केला. पूस."

"एक कॉपी ठेवू? कुणाला न..."

"दोन्हीकडची पूस. तिला दाखवून."

नीलेशनं पुसली. सुहासिनीनं चष्मा लावून खात्री केली, चष्मा काढून ठेवला, आणि डबा उघडला. तिघं जमिनीवर बसून जेवले. सहर भाकरीचा एकच तुकडा चिवडत होती. हातात होता तो शॉट गेला, आणि जी भूमिका सोडायला ती तयार झाली होती ती कुणी घेतली नाही, परत तिच्याच अंगावर आली. उद्याचा शेवटचा दिवस.

"ते लिपस्टिकचं," ती हळूच म्हणाली. "खुर्ची, झाड, ते सगळं. ते मी घेऊ का? तू नाही म्हणालीस तर नाही घेत."

"घ्या की! ते काय माझ्या एकटीचं आहे? आमच्या हॉस्टेलला संध्याकाळी एक चक्कर मारा. खोलीखोलीत नाटक चालू असतं, तिकीट नाही." सुहासिनीनं सुकटीचा वाटा सहरकडे सरकवला. "आमचा चेहरा तेवढा आम्हाला ठेवा. आणि एक सांगू? रागावू नका. तुम्ही फार रडता. काल इन्चार्ज झालेली बाई अशी उभी होती, जशी काही घरात मयत झालीय."

नीलेशला ठसका लागला. सहरनं त्याला पाणी दिलं, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

रात्री तिनं प्रसंग नव्यानं लिहिला: आता नर्सला देशात एक लेक होती, आणि बातमी तिला कॉलवर सांगायची होती. लिहिताना तिला आपल्या धंद्याची एक गंमत लक्षात आली. आजवर प्रत्येक दिग्दर्शक तिला सांगत आला, चेहऱ्यावरचा खोटेपणा काढ. तो तिला कधी पुरता निघाला नव्हता. पण ही बाई फोनवर खोटंच तर वागते, आणि तेही जीव ओतून. तेवढं आपल्याला येतं.

शनिवारी सुहासिनी नेहमीसारखी दिव्यांसाठी उभी राहिली. या वेळी कॅमेरा बंद होता. नीलेशनं तिला तो बंद असल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे ती उभी राहिली. मग ती फोन घेऊन शेजारच्या खोलीत गेली. पलीकडच्या मुलीचं बोलणं ती करणार होती, तिथे आवाज नंतर दुसऱ्या कुणाचा तरी घालायचा होता. काय बोलायचं ते सहरनं लिहून दिलं नव्हतं. "तुझी लेक बोलते तसं बोल," एवढंच सांगितलं होतं.

सहरनं लिपस्टिक लावली. खुर्ची सरकवली. आवाज एक पट्टी वर घेतला.

"काय गो, जेवलीस का?"

"मम्मा, ऐक ना, आज काय झालं माहितीये?" पलीकडून सुहासिनीचा आवाज आला, पण तो सुहासिनीचा वाटेना, इतका तो हलका आणि घाईतला होता. "माझी स्कूटी त्या प्रसादनं ठोकली, वर मलाच म्हणतो, दिसत नाही का..."

"अरे देवा, लागलं नाही ना?"

"मला कुठे! त्यालाच. यू शुड हॅव सीन हिज फेस."

सहर खळखळून हसली. बातमी जिभेवर होती. ती सांगायला तिनं तोंड उघडलं, की पलीकडे स्कूटीच्या पुढे कॉलेज यायचं, कॉलेजच्या पुढे कुणाची तरी मैत्रीण. सहर हसत राहिली. बिर्याणी कशी झाली तेही तिनं सांगितलं.

"तू मघाशी काहीतरी म्हणत होतीस ना?"

"मी? नाही गं. सहजच."

"बरं, ठेवते मग. बाय मम्मा!"

"बाय हं. काळजी घे."

तिनं फोन पालथा ठेवला. प्रसंग तिनं इथवरच लिहिला होता. इथे दिग्दर्शकानं "कट" म्हणायचं असतं. खोलीतले सगळे श्वास रोखून त्या शब्दाची वाट बघत होते, आणि तो म्हणायचा अधिकार फक्त तिचा होता.

ती म्हणाली नाही. हसू अजून तिच्या चेहऱ्यावर तसंच होतं. ते काढायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. गालांना रग लागल्याचं तिला जाणवलं, तरी ते उतरेना. ओट्यावर तांदळाचं पातेलं होतं. तिनं नळ सोडला, तांदळात हात घातला, दुधाळ पाणी ओतून दिलं, परत भरलं. हसू कधी गेलं ते तिला कळलं नाही. आपला चेहरा आता कसा दिसतोय, याचा अंदाज तिला बांधता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच येत नव्हता. नीलेशचा एक डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता आणि दुसरा मिटलेला.

अर्धवट उघड्या दारातून शेजारची खोली दिसत होती. तिथे सुहासिनी तिच्याकडे पाठ करून बसली होती. कॉल केव्हाच संपला होता, तरी तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.

सहरनं नळ बारीक केला, आणि तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.