बोर्का उतारावर गेली नाही

माझ्या धाकट्या मुलीचे, पिरोश्काचे, लग्न झाले ते १९७१ साल. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला हरणाचा रस्सा असायचा, आणि हरीण आणायचे मुलाकडच्यांनी. नवऱ्या मुलाचे वडील काल्मान सिपोच हे पलीकडच्या खोऱ्यातले नावाजलेले शिकारी. एकतीस वर्षांत जखमी जनावर एकदाही हातचे गेले नाही, असे ते स्वतःच सांगायचे, आणि दिवसातून दोनदा सांगायचे.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी एका नरावर गोळी झाडली. गोळी लागली, पण नर पळाला. गुरुवारी उजाडल्यावर तासाभरातच काल्मान माझ्या दारात उभे होते.

जखमी हरणे शोधायचे काम माझे होते. म्हणजे खरे काम बोर्काचे, मी फक्त पट्ट्याचे दुसरे टोक धरायचो. तांबूस रंगाची, लोंबत्या कानांची कुत्री, दहा वर्षांची. मागल्या हंगामात तिची दोन जनावरे निसटली होती. वनखात्याच्या साहेबांनी मला बजावले होते, तिसरे गेले की हिला कामावरून काढायचे आणि शहरातून वंशावळीचा कागद असलेला कुत्रा आणायचा. माझ्या वडिलांच्या कुत्र्याला असेच काढून साखळीला बांधले होते. त्याने खाणे सोडले आणि महिन्याभरात गेला. ते मी पाहिले होते.

"व्याही, पाच मिनिटांचं काम आहे," काल्मान म्हणाले. "काळजात बसलीये गोळी."

"काळजात गोळी बसलेलं हरीण रात्रभर फिरतंय कुठं?"

"फिरत नाहीये हो, पडलंय. कुठं पडलंय तेवढंच सापडत नाही."

चुलीपाशी माझी बायको एटेल्का हसली. मग तिचे लक्ष त्यांच्या उजव्या हाताला बांधलेल्या रुमालाकडे गेले. "हे काय झालं?"

"पाव कापताना लागलं."

"तुमच्याकडं पाव कुऱ्हाडीनं कापतात वाटतं," एटेल्का म्हणाली.

नर उभा होता त्या जागी काल्माननी ओकची मोडलेली डहाळी रोवून ठेवली होती. ते रीतीप्रमाणे होते. गवतावर दव गोठले होते. मी गुडघ्यावर बसलो. आखूड, राठ केस सापडले आणि तांदळाच्या दाण्याएवढी हाडाची कपची.

"पाय मोडलाय, व्याही."

"काळीज म्हणतो ना मी!"

"मग या हरणाचं काळीज गुडघ्यात असणार. गोळी झाडल्यावर थांबला होतात ना? एक पाइप ओढून होईस्तोवर?"

"थांबलो की," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "आणि आता तुमच्याकडं येताना मी रक्तसुद्धा पाहिलं. खाली ओढ्याकडं. पानापानावर आहे."

जनावराला जागेवर पडायला वेळ द्यावा, लगेच मागे धावू नये, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. म्हणून मी पुढे काही विचारले नाही. बोर्काला लांब पट्टा लावला. तिने डहाळीभोवती नाक टेकवून एक फेरी मारली आणि सरळ वर, डोंगराकडे निघाली.

"अहो, रक्त खाली आहे!" काल्मान ओरडले. "मोडक्या पायानं जनावर चढ चढेल का? म्हातारी झालीये तुमची कुत्री."

म्हणणे चूक नव्हते. पाय मोडलेले जनावर सहसा उताराला लागते. पण मागावरच्या कुत्र्याला ओढायचे नाही हा नियम मी वीस वर्षे पाळला होता. त्या दिवशी मोडला. समोरचा माणूस मुलीचा होणारा सासरा होता आणि लग्न दोन दिवसांवर होते. मी पट्टा ओढला. बोर्का थांबली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वर वळली. मी पुन्हा ओढला. मग ती आली, शेपूट पाडून.

ओढ्याकडे रक्त खरेच होते. बोर्काने एक पान हुंगले, शिंकली आणि मागे फिरली. काल्मानपाशी गेली, त्यांचा रुमाल बांधलेला हात हुंगला आणि त्यांच्या पायाशी ऐटीत बसली. जनावर सापडले की ती अशीच बसायची.

मी वाकून पाहिले. थेंब गोल होते, सरळ खाली पडलेले. मोडक्या पायाचे हरीण दोन्ही बाजूंच्या गवताला रक्त फासत जाते, इथे गवत स्वच्छ होते. पुढच्या काटेरी जाळीत राखाडी लोकरीचा धागा अडकला होता. काल्मानचा कोट राखाडी होता.

"व्याही, हिला सापडलं."

"काय सापडलं?"

"तुम्ही."

त्यांनी धाग्याकडे पाहिले, हाताकडे पाहिले. मग ओंडक्यावर बसले. कानापर्यंत लाल झाले होते.

"नाही थांबलो मी," ते म्हणाले. "अंधार पडत होता. वाटलं खाली गेला. धावलो आणि या जाळीत तोंडावर आपटलो. सकाळी रक्त दिसलं तेव्हा काय आनंद झाला होता हो!"

मला हसू आवरेना, झाड धरून उभे राहावे लागले. थोड्या वेळाने तेही हसू लागले.

"एटेल्काबाईंना सांगू नका."

"नाही सांगत."

"आणि माझ्या बायकोला तर अजिबात नाही."

बोर्काला परत डहाळीपाशी नेले. तिच्यासमोर टोपी काढली आणि पट्टा सैल सोडला. तिने मनात काही ठेवले नाही. दोन तास आम्ही चढत होतो. रानडुकरांनी उकरलेल्या जमिनीत तिचा माग दोनदा तुटला. दोन्ही वेळा ती मागे आली, मोठी फेरी घेतली आणि माग पुन्हा धरला. काल्मान धापा टाकत मागून येत होते.

माथ्याखाली, उन्हाच्या अंगाला, पाने दबलेली दिसली. हात लावला तर ऊबदार. तेवढ्यात नर तीन पायांवर उठला. मी बोर्काला सोडले. तिने त्याला एका पडलेल्या झाडाशी अडवले आणि भुंकून धरून ठेवले.

"हात चालेल?" मी विचारले.

"चालवतो."

एकच गोळी झाडली. यावेळी ती खरेच काळजात बसली.

आम्ही टोप्या काढल्या. नराच्या तोंडात ओकची डहाळी ठेवली, त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी मी त्याच्या रक्तात बुडवून टोपीवर ठेवली आणि काल्मानपुढे धरली. शिकाऱ्याने ती अर्धी मोडून परत द्यायची, ती अर्धी कुत्र्याची. काल्माननी ती मोडली नाही. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर बसून अख्खी डहाळी बोर्काच्या गळपट्ट्यात खोचली.

"अर्धी तुमची असते, व्याही."

"माझी कसली? मला तर हिनं ओढ्यापाशीच शोधून काढलं."

मी कोणालाच सांगितले नाही. शनिवारी लग्नात काल्मानच पालिंकाचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला घेऊन उभे राहिले आणि सगळे सांगून मोकळे झाले, जाळीसकट. "म्हणजे पाव नव्हताच!" त्यांची बायको टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडली. वनखात्याचे साहेब हसता हसता ठसकले. त्यांनी रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला, आणि शहरातल्या कुत्र्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

बोर्काने आणखी तीन हंगाम काम केले. ती १९७५ च्या फेब्रुवारीत, चुलीजवळ, झोपेत गेली. काल्मान सिपोच १९८८ च्या नोव्हेंबरात वारले, तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते.