दाब, सोड

आमच्या फियाटचे मागचे ब्रेक ढिले पडले की एकट्याने आवळून लावता येत नाहीत. मागची चाकं जॅकवर चढवायची, पुढच्यांना दगड लावायचे, हँडब्रेक सोडायचा. मग चाकामागचा नट चाक अडेपर्यंत आवळायचा आणि किंचित ढिला करायचा. चाक फिरवताना आत हलकंसं घासल्याचा आवाज यावा, इतकाच. मध्येमध्ये आत बसलेल्या माणसाने ब्रेक दाबायचा नि सोडायचा, म्हणजे चाकाला घासून ते थांबवणारे आतले शू जागेवर बसतात. ते आत बसलेलं माणूस म्हणजे मी. लग्न झाल्यापासून.

आमचे हे, म्हणजे सगळ्या देवगडचे भाई, चाकामागून ओरडणार ‘दाब’, ‘सोड’, आणि मी दाबणार, सोडणार. गाडी चालवायला मागायची मात्र नाही. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा हट्टाने कुडाळला जाऊन शिकले, लायसन काढलं. भाईंना केवढं कौतुक! येईल त्या पाहुण्याला लायसन दाखवायचे. चावी मागितली की म्हणायचे, मी चालवायची सोडली की गाडी तुझीच. बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाईंची गाडी बंद केली. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून उकळ्याही फुटल्या. आज सकाळी पेज झाल्यावर भाई म्हणाले, चल, ब्रेक लावून घेऊया. माझ्या मेलीच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ज्याला आता चालवायचीच नाही, तो ब्रेक कुणासाठी लावील? त्या सीटवर बसल्याबसल्या मी मनाने पार हायवेवरच्या तळेऱ्यापर्यंत जाऊनही आले.

उजवं चाक झालं. डावं अर्ध्यावर असताना फाटकातून धनेश आला. हा भाईंचा पुतण्या. लग्नाआधी फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांना जुन्या गाड्या लागतात म्हणे, तो धंदा त्याने काढलाय. भाईंनी खालूनच त्याला सांगितलं, जरा थांब, एवढं चाक झालं की घेऊन जा गाडी.

माझा पाय ब्रेकवर होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “आणि माका काय सांगितल्यात तुमी?”

“गाडी तुझीच आसा गो,” भाई चाकाआडून म्हणाले. “धनेश नुसती चालवतलो. तुका खंय जावचा असला तर त्याका हाक मार.”

धनेशनेही अगदी अदबीने मान डोलावली. जळलं मेलं ते कौतुक नि ते लायसन. इतकी वर्षं मी काय मला गाडीतून फिरवून आणायला माणूस मागत होते?

“सोड,” भाई म्हणाले.

मी नाही सोडला. उलट होता नव्हता तेवढा जोर लावला. भाईंनी चाक फिरवून पाहिलं, हलेना. त्यांना वाटलं, नट जास्त आवळला गेला. त्यांनी तो ढिला केला. तरी हलेना. आणखी ढिला केला. मग धनेश खाली बसला. दोघं मिळून चाकाशी झटू लागले, नटाला शिव्या घालू लागले, पण एकालाही वाकून माझ्याकडे बघावंसं वाटलं नाही. मी वाट बघत होते. एकदा तरी विचारतील, सावित्री, काय झालं? तेवढं विचारलं असतं तरी मी रडून मोकळी झाले असते.

शेवटी पोटरीत गोळा आला आणि पाय आपसूक निघाला. चाक गरगर फिरलं.

“हां, आता नट बसलो बरोबर,” भाई खूश होऊन म्हणाले.

कसला बरोबर! घासल्याचा आवाजच नव्हता. एवढ्या ढिल्या ब्रेकवर ही गाडी उतारावर कशी थांबणार, ते या दोघांपैकी कुणाच्याही कानाला कळलं नव्हतं. क्षणभर वाटलं, बोलूच नये. पण गाडीत उद्या कुणाची तरी पोर नटूनथटून बसणार.

“ब्रेक ढिलो झालो,” मी म्हटलं. “वायच आवळा.”

भाईंनी आवळला. आवाज आला.

“दाब,” ते म्हणाले.

मी दाबला.