केबिनची कडी

ताण आल्यावर तुम्ही काय करता, हा प्रश्न सिक्युरिटीच्या प्रत्येक मुलाखतीत येतोच, आणि त्याचं उत्तरही सगळ्यांना पाठ असतं. शांत राहतो, परिस्थिती समजून घेतो, वरिष्ठांना कळवतो. रोहिदासने कर्जतपासून रसायनीपर्यंत तेच घोकलं होतं आणि शेजारी बसलेला अबूबकर त्याच्या चुका काढत होता. साजगावच्या एका कारखान्यात दोघं कित्येक वर्षं एकाच गेटवर उभे होते. आता तिथला ठेकेदार बदलला आणि दोघांनाही घरी बसायची वेळ आली. इथे रसायनीत जागा एकच होती, गेट सुपरवायझरची, थेट कंपनीच्या पगारावर. मिळाली तर एकालाच मिळणार हे दोघांना ठाऊक होतं, तरी आले मात्र बरोबर.

मुलाखत घेणाऱ्या निशिगंधा मॅडमनी रोहिदासचं उत्तर अर्ध्यातच थांबवलं. सकाळपासून हेच ऐकतेय, म्हणाल्या. पोपटपंची नको, खरोखर घडलेला एखादा दिवस सांगा.

घडलेला दिवस होता की. गेल्या उन्हाळ्यात एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला आणि दुपारी त्याच्या गावचे लोक गेटवर चालून आले. पहिलाच दगड केबिनच्या काचेवर बसला. अबूबकर गेटबाहेर गेला. जमावाशी बोलायचं नाही, एका माणसाशी बोलायचं, ही त्याची रीत. जखमी पोराचा भाऊ कोण, असं विचारून त्याने त्या भावाला हाताला धरून सावलीत आणलं, पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला दिला. भाऊ शांत झाला तशी मागची गर्दीही निवळली. आणि आपला रोहिदास? तो तेवढा वेळ केबिनमध्ये आतून कडी लावून टेबलाखाली बसला होता.

यातलं काय सांगावं याचा विचार करायला वेळ मिळाला नाही, असं काही नाही. समोरचं पाणी तो सावकाश प्यायला. मग म्हणाला, मी बाहेर गेलो. एकदा जीभ सुटल्यावर काय विचारता! भाऊ, सावली, पाणी, फोन, सगळं धडाधड बाहेर आलं. मॅडम मान डोलावत होत्या. ते बघून गड्याला आणखी चेव चढला.

"आणि तुमचा जोडीदार कुठे होता तेव्हा?"

निदान इथे तरी थांबायचं. गर्दीत दिसला नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"केबिनमध्ये," रोहिदास म्हणाला. "कडी लावून बसलेला."

मॅडमनी समोरचा कागद उलटला. त्याच गेटवरचे अबूबकर म्हणजे बाहेर बसलेत तेच का, असं त्यांनी विचारलं. रोहिदासची मान हो म्हणून हलली.

दारातच दोघांची गाठ पडली. कसं झालं, असं अबूबकरने डोळ्यांनीच विचारलं. सावध करायला दोन शब्द पुरले असते. रोहिदास अंग चोरून बाजूला झाला आणि अबूबकर आत गेला. बाकावर बसून रोहिदास बंद दाराकडे बघत राहिला. आत आता काय चाललं असेल, अबूभाई आपल्याला किती शिव्या देत असेल, या विचाराने त्याचे कान तापले. पळून जावंसं वाटत होतं, आणि निकाल लागेपर्यंत उठवतही नव्हतं. लाज वाटत असूनही नोकरीची आशा सुटत नव्हती, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

नोकरी अबूबकरला मिळाली. मॅडमनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. रोहिदासच्या मनात पहिलं आलं ते हेच, की याने आपलं सगळं बाहेर काढलं. चौक फाट्यावर कर्जतच्या एसटीची वाट बघताना त्याने एकदाचं विचारलं, मला खोटं पाडलंत ना?

"नाय रं," अबूबकर म्हणाला. "त्या बाईनं विचारलं, केबिनमधी तुमीच हुता का. मी हो म्हनलो."

अबूबकरने मग शांतपणे सगळं सांगितलं. मी नाही म्हटलं असतं तर दोघंही खोटारडे ठरलो असतो आणि तिसराच कुणीतरी लागला असता. त्यापेक्षा तुला मिळू दे, म्हटलं, तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. पण बाई सोडेना. आत काय वाटलं, मग काय केलं, विचारत राहिली. मी कुठे आत होतो? म्हणून तुझंच आठवून सांगितलं.

"काय सांगितलं?"

"हात कापत हुते, कडी नीट लागंना. गर्दी गेल्यावर बाहेर आलो आन कुनाकडं न बघता काचा गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडावी वाटली, पन वेळेवर गेटवर हजर झालो." अबूबकर रस्त्याकडे बघत होता. "ती म्हनली, घाबरून परत उभा ऱ्हायला, असाच मानूस मला पायजे."

रोहिदास कठड्यावर बसला. टेबलाखालच्या रोहिदासवर तो स्वतःच वर्षभर थुंकत आला होता. अबूभाईने मात्र त्याला काचा गोळा करताना पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशीची हजेरी पाहिली होती, आणि कधी एका शब्दाने चिडवलं नव्हतं. जे होतं तेच रोहिदासने सांगितलं असतं, तर नोकरी त्याचीच होती. मी परत जातो, मॅडमना खरं सांगतो, म्हणून तो उठला.

अबूबकरने त्याचा दंड धरला. "आन माझं काय? खोटं तर मी पन बोललोय. आता त्या केबिनमधी मीच हुतो, रोहिदास. कुनी विचारलं तर असंच सांगायचं. घरात पन."

एसटी आली. खिडकीपाशी बसून अबूबकरने बायकोला फोन लावला, बातमी दिली आणि फोन रोहिदासच्या हातात ठेवला. शहाजादीभाभीचा आवाज आनंदाने भरून आला होता. तुमचंही होईल भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, म्हणाली. मग विचारलं, इतक्या लोकांतून यांनाच कसं घेतलं?

रोहिदासने शेजारी बघितलं. अबूबकरने मान फिरवली होती.

"भाभी, अबूभाईनं खरं सांगितलं," तो म्हणाला. "म्हनून घेतलं."